पाच अंशांचं पान

तूतुकुडी
८ फेब्रुवारी १९९८

इन्नासी,

हे पत्र लासर वास तांडेल मालेला तुझ्या हातात देईल. टपालानं पाठवलेली पत्रं तू न फोडता परत धाडतोस, म्हणून या वेळी माणसाच्या हाती देत आहे. माणूस परत धाडायचा तर आधी त्याला चहा द्यावा लागतो, आणि चहा पिता पिता लासर बोलतोच.

कामाचं लिहिते. माझ्या तारे शोधायच्या तबकडीचं पाच अंशांचं पान तुझ्याकडे आहे. ते परत कर.

डब्यात पारदर्शक पानं नऊ होती, अक्षांशाच्या दर दहा अंशांना एक. पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी अंशांची पानं अजून कोरी करकरीत आहेत, कारण बर्फातून शिडाची तोणी हाकणारा तांडेल आपल्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा आहे. इथून मालेपर्यंत लागतं ते एकच पान, आणि नेमकं तेच तू उचललंस. चोरी करताना का होईना, विषय तुला समजला होता एवढं मी मान्य करते.

तू गेल्यावर मी काय केलं ते तुला ठाऊक नसेल. अम्माच्या छातीचा जुना एक्स-रे होता. त्याची फिल्म सोड्यानं घासली, कर्कटकाच्या टोकानं रेघा कोरल्या, त्यांत शाई भरली. फिल्म पुरती स्वच्छ झाली नाही. आजही व्याध किंवा अगस्त्य शोधताना तांडेल एकमेकांना म्हणतात, "बघ रे, अम्माच्या तिसऱ्या बरगडीखाली आलाय." अम्मा होती तेव्हा तीही हसायची. तिच्या प्रेताला खांदा द्यायला तू आला नाहीस. तिच्या बरगड्यांनी मात्र आपल्या लोकांची कामं केली.

आता त्या फिल्मवरच्या रेघा दिसेनाशा झाल्या आहेत. शाई हलकी होती. शिवाय संध्याकाळी वीज नसते. तेव्हा खरं पान हवं. लासर परत येईल तेव्हा त्याच्याजवळ दे. पुठ्ठ्यात घालून दे, वाकता कामा नये.

अक्षर मोठं वाटेल. नव्या पेनाची निब जाड आहे.

एमरेन्शिया कोरेरा
(निवृत्त शिक्षिका)

&nbsp;

तूतुकुडी
३ मार्च १९९८

इन्नासी,

लासर आला. तुझ्याकडून मासी आणली, पान नाही. मासी चांगली होती, दगडासारखी टणक, किसता किसता हात दुखले. पण मी सुका मासा मागितला नव्हता.

तू म्हणालास म्हणे, "टीचरचं पत्र आहे की प्रश्नपत्रिका?" लासरनं हे मला जिन्यात सांगितलं आणि स्वतःच खूप हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "पण वाचलं हो त्यानं. उभ्या उभ्या वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं." म्हणजे निदान पहिला प्रश्न तरी तू सोडवायला घेतला आहेस.

इथलं सांगते. पनिमय मातेच्या चर्चला नवे फादर आले आहेत, गिल्बर्ट नावाचे. वय तुझ्या चपलेइतकं. सभागृहात माझ्या वर्गाचं कपाट उघडून उभे होते. तबकडी हातात घेऊन मला विचारतात, "हे ताट कसलं, टीचर?"

मी म्हटलं, "फादर, ताटात जेवतात. ही तबकडी आहे. हिच्यावर सगळे मोठे तारे छापले आहेत. आपण ज्या अक्षांशाला आहोत तिथलं पारदर्शक पान वर ठेवायचं, घड्याळ आणि पंचांग बघून आलेल्या अंशावर बाण लावायचा. मग कुठला तारा कुठल्या दिशेला, किती उंचीवर निघणार ते आधीच कळतं. आकाश उजळ असतं, तारा एकही नसतो, आणि तांडेल त्या जागी उंची मोजायचं यंत्र रोखून तयार असतो. तारा आणि क्षितिज दोन्ही एकदम दिसतात ती वेळ फार थोडी असते. तेव्हा शोधाशोध करत बसलेला माणूस प्रवाळावर जातो."

"पण आता उपग्रहाचं यंत्र असतं ना तोणीवर?"

"असतं. आणि त्या यंत्रावर खारं पाणी उडालं की तांडेल ते शर्टाला पुसतो आणि पनिमय मातेचं नाव घेतो. त्यापुढे तिनं बघावं असं तुमचं म्हणणं आहे का?"

फादर हसले. वाईट माणूस नाही. पण म्हणाले की सभागृहात संगणकाचा वर्ग सुरू करायचा आहे, यंत्रं येऊन पडणार आहेत. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की तांडेल घरी बसतात, तेव्हाचा माझा वर्ग या वर्षी नसला तर चालेल का? "तुम्हीही आता थकलात, टीचर. परवा जिन्यावर पडलात."

मी पडले नाही. पायरीवर कोणीतरी बादली ठेवली होती.

शेवटी एवढं ठरलं, की समुद्र बंद होईपर्यंत दुसरा कोणी शिकवणारा उभा केला तर वर्ग राहील. नाहीतर कपाट रिकामं करून सभागृह त्यांना द्यायचं. आपल्या अप्पांनी पत्र्याचं छप्पर असल्यापासून त्या सभागृहात तांडेल तयार केले. अप्पांना इंग्रजी पंचांग वाचता येत नव्हतं म्हणून मी कॉन्व्हेंटमधून घरी येऊन गणवेशातच त्यांना आकडे काढून द्यायची. ते गेल्यावर तोच वर्ग मी घेतला. तेव्हा हेच तांडेल म्हणाले होते, बाईच्या हाताखाली आम्ही तारे शिकणार? शिकले. आता माझ्यासाठी त्यांच्यातला एकही पुढे येत नाही. प्रत्येकाला विचारलं. एक म्हणतो बायको ऐकत नाही, एक म्हणतो बोलायची सवय नाही. लासर म्हणतो, "मला येतं टीचर, पण मला का येतं ते मला सांगता येत नाही."

पान पाठव. फादरना रेघा स्वच्छ दिसणारं काहीतरी दाखवायला हवं.

एमरेन्शिया

&nbsp;

तूतुकुडी
२९ मार्च १९९८

इन्नासी,

शेवटी बोललास. लासरकडून निरोप आला: "अक्काला सांग, तिनं मला पान उलटं दिलं होतं."

होय. दिलं होतं.

लासर हे मला मच्छीबाजाराच्या तोंडाशी सांगत होता आणि ऐकायला दोन कोळिणी, एक सायकलवाला आणि कोणाची तरी सासू थांबली होती. तेव्हा तुलाही उघडच उत्तर देते. हे पत्र लासरनं वाटेत वाचलं तरी हरकत नाही. नाहीतरी तो वाचतोच.

माझ्याकडे परीक्षेला आलेल्या प्रत्येकाच्या हातात मी पान उलटं देत आले. अप्पाही तसंच देत. पानाच्या एका बाजूला उत्तर लिहिलेलं असतं, दुसरीला दक्षिण. तबकडी उत्तरेची आणि पान दक्षिणेचं झालं की पूर्वेचं पश्चिमेला जातं. खवळलेल्या समुद्रावर पान हातातून निसटतं, भिजतं, कोणीतरी उचलून देतं. देणारा कुठली बाजू वर करून देईल याचा भरवसा नाही. म्हणून हातात आलेलं पान आधी बघायचं. हा पहिला धडा. तो माझ्या वर्गात पहिल्याच संध्याकाळी होतो, आणि तू त्या संध्याकाळी हजर होतास, पहिल्या बाकावर, काजूचं मकरून खात.

तुझ्या परीक्षेच्या त्या सप्टेंबरात गच्चीवर काय झालं ते तू लोकांना कसं सांगतोस मला माहीत नाही. मी जसं पाहिलं तसं सांगते. प्रार्थनेची घंटा झाली. तुला शोधायला श्रवण दिला होता. तू पान घेतलंस, बघितलं नाहीस, बाण लावलास आणि रिकाम्या आकाशात पश्चिमेकडे बोट रोखून उभा राहिलास. सगळे जुने तांडेल कठड्याला टेकून होते. कोणी बोललं नाही, तसा नियमच आहे. मग तुझ्या बोटापासून थोडं खाली एक तारा निघाला आणि तू म्हणालास, "आला बघ, अक्का." तो स्वाती होता. श्रवण तुझ्या पाठीमागे निघाला होता, पूर्वेला, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

ते हसले. हसायला नको होतं. मी त्यांना गप्प केलं, ते तुला ऐकू गेलं नसेल, कारण तू जिना उतरत होतास.

पण इन्नासी, तारा सापडला नाही म्हणून मी तुला नापास केलं नाही. तारा न सापडणारा तांडेल घाबरतो, थांबतो, पाण्याची खोली बघतो. भलताच तारा मिळाल्याचा ज्याला आनंद होतो, तो शीड भरून थेट प्रवाळावर जातो, आणि त्याच्याबरोबर आणखी नऊ जण.

लासर म्हणाला, तू आणखीही एक बोललास. "दुसऱ्या कोणी दिलं असतं तर मी बघितलं असतं. बहिणीनं दिलेलं पान काय बघायचं?"

हे वाक्य मी बरेच दिवस उलटसुलट करून पाहिलं. त्याला उत्तर एवढंच आहे की बहिणीनं सरळ पान दिलं असतं आणि तू पास झाला असतास, तर पहिल्याच फेरीला मी त्या गच्चीवर तुझी वाट बघत उभी राहिले असते, आणि मला माहीत असतं, की तू पान बघितलंच नव्हतंस. बाकीच्यांना नसतं, मला असतं. पुढच्या वर्षी परत बस म्हणून मी तुझ्या मागे धावत बंदरापर्यंत आले होते. तू तोणीवर बसलास तो अजून बसलेलाच आहेस.

आज असा उमेदवार आला तर आजही नापास करीन.

ओळी वर-खाली गेल्या असतील. टेबल डगमगतं.

एमरेन्शिया

&nbsp;

तूतुकुडी
२० एप्रिल १९९८

इन्नासी,

टेबल डगमगत नाही. निबही जाड नाही. शाळेतल्या मुलींसारखी दुरेघी वही घेतली आहे आणि रेघेवर फूटपट्टी ठेवून लिहिते आहे. कॉन्व्हेंटच्या मदर बेनेडिक्टा असत्या तर अक्षराला शून्य दिलं असतं.

काल काय झालं ते सांगते. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्याआधी ते तू माझ्या हातचं वाच. बंदरातल्या बातम्यांना तोणीपेक्षा चांगली शिडं असतात.

लासरला घेऊन गच्चीवर गेले होते. म्हटलं, तुलाच तयार करते, निदान फादरपुढे उभा तरी राहा. घंटा झाली. मी त्याला म्हटलं, अगस्त्य दाखव. त्यानं तबकडी फिरवली, दक्षिणेला थोडं पश्चिमेकडे बोट रोखलं. बरोबर होतं. थोडा वेळ गेला. अगस्त्याची वेळ झाली हे मला घड्याळाशिवाय कळतं, इतकी वर्षं कळतंच आहे. मी म्हटलं, "हा बघ आला. छान. हात खाली कर."

त्यानं हात खाली केला नाही.

"टीचर, तुम्हाला दिसला?"

"आंधळी आहे का मी? समोर तर आहे."

त्यानं तबकडी कठड्यावर ठेवली. मग म्हणाला, "टीचर, दक्षिणेला सगळे ढग आहेत. मघापासून आहेत."

लासर वास अप्पांच्या हाताखाली शिकला. मला मोठ्या बहिणीसारखा मान देतो. तो माझ्याकडे बघत नव्हता, खाली आपल्या पायांकडे बघत होता, आणि मला ते दिसलं नाही, त्याच्या आवाजावरून कळलं. नंतर माझा हात धरून त्यानं मला जिन्यावरून खाली नेलं. पायरीवर बादली नव्हती. त्या दिवशीही नव्हती.

काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, उशिरा आलात. मी म्हटलं, तुमच्या दवाखान्यात रांगच एवढी होती. पण उशीर माझा होता. आता जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. कडेकडेनं जातं ते. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, आणि संध्याकाळ झाली की तेही नाही. थेंब आहेत, दिवसातून दोनदा. शेजारची फातिमा येऊन घालून जाते आणि प्रत्येक वेळी म्हणते, "वर बघा टीचरम्मा." मी बघते. तिला वाटतं छताकडे बघते आहे.

तर हिशेब असा. गच्चीवर उभी राहून मी एक तारा पाहिला जो निघालाच नव्हता. माझ्याच नियमानं मी नापास. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला पुन्हा वर्ग घेऊ दिला नसता, आणि मी स्वतःलाही देणार नाही. फादरना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते दयेनं बोलतील. मला ते सहन होणार नाही.

लासर म्हणतो, तू तिथल्या शेडमध्ये बोटी दुरुस्त करतोस, आणि संध्याकाळी आपल्या तोणींवरची माणसं तुझ्याजवळ येऊन बसतात. तू त्यांना तारे दाखवतोस. पान तर माझं आहेच तुझ्याकडे, पण तबकडी? लासर म्हणाला, "त्यानं केलीय एक. विचारू नका कशाची." तो असंही म्हणाला, की 'का येतं' तेही तू सांगतोस, आणि त्यांच्या भाषेत सांगतोस, आणि कोणी चुकलं तर हसत नाहीस. हे शेवटचं तू माझ्या वर्गात शिकलेलं नाहीस.

मी पान परत मागितलं होतं. ती मागणी मागे घेते. पान घेऊन तूच ये.

वर्ग तू घे. परीक्षा राहिली आहे ती आधी द्यावी लागेल. परीक्षा न देता मी तुला त्या सभागृहात उभं करणार नाही, डोळे असोत वा नसोत. मी विचारीन, लासर आणि कठड्याला टेकलेले म्हातारे बघतील. त्यातले हसणारे दोघे वारले. तिसरा बहिरा आहे.

लिहून दमले. आता जास्त लिहवत नाही.

अक्का

&nbsp;

तूतुकुडी
१३ मे १९९८

तंबी,

लासरची या हंगामातली शेवटची फेरी उद्या निघते. तो मालेहून परतला की समुद्र बंद. फादरची मुदतही तीच. संगणकाची खोकी आली आहेत. सभागृहाच्या कोपऱ्यात रचून ठेवली आहेत, आणि मी त्यांना दोनदा धडकले. आता फादरना सारं ठाऊक आहे. मीच सांगितलं. ते दयेनं बोलले नाहीत. म्हणाले, "मग टीचर, तुमचा भाऊ आला नाही तर?" मी म्हटलं, "तर कपाट तुमचं." ते म्हणाले, "आणि आला तर?" म्हटलं, "तर खोकी माझ्या वाटेतून हलवा."

तू पत्र लिहिलं नाहीस. झाकण पाठवलंस.

लासरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि तोंड फिरवून चहा प्यायला लागला. मला वाटलं मकरूनचा डबा असावा. बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण, आणि त्याला सगळीकडून खिळ्यानं पाडलेली भोकं. मी चिडले. म्हटलं, हे काय भंगार? लासर म्हणाला, "हात फिरवा, टीचर."

फिरवला. मधोमध खुंटी, ती ध्रुवाची जागा. तिथून बोटं बाहेर नेत गेले. मोठ्या ताऱ्याला मोठा खिळा, लहानाला लहान. अभिजित सापडला. त्याच्यापासून बाहेर श्रवण. तिथे तू खिळा दोनदा ठोकला आहेस, भोकाची कड दुमडली आहे. तिथे मी बोट बराच वेळ ठेवलं. मग स्वाती, मग ब्रह्महृदय, मग व्याध, आणि अगदी कडेला अगस्त्य. फातिमा थेंब घालायला आली तेव्हा मी तिला थांब म्हटलं. थेंबांना उशीर झाला त्या दिवशी.

चित्रा चुकली आहे. अर्धं बोट पूर्वेला सरकली आहे. गुण कापले आहेत.

बाकी ठीक आहे.

लासर सांगत होता, झाकण करून तुला बरीच वर्षं झाली, पण पानाच्या कडेला तू एक खाच पाडलीस ती अलीकडे. उत्तरेची बाजू वर असली की खाच उजव्या अंगठ्याखाली येते. मी विचारलं, ही कधी पाडली? तो म्हणाला, "या फेरीला मी तुमच्या डोळ्यांचं सांगितलं, त्यानंतर." माझ्या वस्तूला माझ्या परवानगीशिवाय कात्री लावलीस. शाळेत असतास तर दंड केला असता.

पान या वेळीही पाठवलं नाहीस. लासरला मी त्यावरून बोलणार होते, पण बोलले नाही. ते तू हातात घेऊन येणार असशील तर ठीक आहे. येणार नसशील तर तुझ्याजवळच राहू दे. इथे कपाटही नसेल ठेवायला.

आलास तर जिना चढून सरळ गच्चीवर ये. घंटेच्या आधी ये. मी तिथेच असेन, कठड्याजवळ, झाकण घेऊन. परीक्षा तुझी आहे, पण आधी एक काम माझं आहे. तू मला पान देशील तेव्हा उलटं दे. लासर मध्ये बोलला तरी उलटंच दे. भाऊ आहेस म्हणून मी सरळ धरून चालणार नाही. अंगठा फिरवीन, खाच बघीन, मगच बाण लावीन.

अक्का